फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

नांदुऱ्याच्या सार्वजनिक वाचनालयात अनंत केशव कस्तुरे सतरा वर्षं ग्रंथपाल होता. त्याने एकोणीस माणसं वेड्यांच्या इस्पितळातून परत घरी आणली, असं गावात आजही सांगतात, आणि सांगणारा रंगात आला की तो आकडा पंचविसावर जातो. अनंताला विचारलं तर तो म्हणायचा, "एकोणीसच. त्यातला पहिला फार उशिरा आणला." आणखी खोदलं तर पेपरच्या फायली लावायच्या राहिल्यात असं सांगून उठून जायचा. फायली तर सकाळीच लावून झालेल्या असायच्या.

तो उशीर कसा झाला, त्याची ही हकीकत. झाला तो अनंतामुळेच. त्याची बाजू घ्यायची म्हटलं तरी फारशी घेता येत नाही, आणि त्याने स्वतःही ती कधी घेतली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. अनंत तेव्हा यवतमाळकडच्या एका शाळेत मास्तर होता. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. हळूहळू त्याची झोप गेली. सुरुवातीला हेडमास्तरांना कौतुकच वाटलं, की हा पोरगा पहाटेपर्यंत वह्या तपासतो. मग वह्या परत आल्या तेव्हा कळलं की निबंधांखाली लाल शाईने गुण नाहीत, प्रश्न आहेत. 'हे तुला कोणी लिहायला सांगितलं?' 'माझं नाव का टाळलंस?' पोरांच्या हातून कुणीतरी आपल्याचबद्दल लिहवून घेतंय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी एक दिवस त्याने सगळ्या वह्या कपाटात कोंबल्या, कुलूप घातलं आणि कपाटाला पाठ लावून तो दोन दिवस वर्गात बसून राहिला. अन्न नाही, पाणी नाही. तार गेली तसे थोरले भाऊ चिंतामणराव धावत आले आणि त्याला तिथूनच नागपूरला घेऊन गेले.

चिंतामणराव नांदुरा स्टेशनवर मालधक्क्याचे कारकून. वडील नव्हते, घर त्यांच्यावर. धाकटी बहीण सुलभा लग्नाची. त्यांनी गावात सांगितलं, अनंताला पोटाचं दुखणं आहे, नागपूरला इलाज चालू आहे. पोट हा मोठा सोयीचा अवयव आहे. त्याच्याबद्दल कोणी खोलात शिरत नाही.

इस्पितळात अनंत चौदा महिने होता. गोळ्या झाल्या, विजेचे झटके झाले, दुपारी सूत कातायचा तास झाला. त्यातलं नेमकं काय लागू पडलं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण एका सकाळी तो पेपर वाचत बसला होता आणि दुसरं पान उलटता उलटता त्याच्या लक्षात आलं, की यात आपल्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. कापसाचे भाव होते, कुठल्या मंत्र्याचा दौरा होता, एका म्हशीच्या चोरीची बातमी होती. इतकं हलकं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं. त्याने ती म्हशीची बातमी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवली.

शेजारचा माणूस म्हणजे वरवट बकालचा कडूबा. अनंतापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, हाडापेराने मजबूत शेतकरी. त्याच्या आईची आधीची तीन लेकरं गेली होती, म्हणून याचं नाव कडूबा ठेवलं होतं, की नाव ऐकूनच मरणाने तोंड फिरवावं. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्याच कडब्याच्या गंजीला आग लावली होती आणि विझवायला आलेल्यांवर कुऱ्हाड घेऊन धावला होता. का, ते त्याला आता आठवत नव्हतं. लाज तेवढी आठवत होती. इस्पितळाच्या वाडीत त्याने वांगी लावली होती, आणि वांग्यांवर त्याचा इतका जीव, की स्वयंपाकीसुद्धा त्याला विचारून तोडायचा.

डॉक्टर कडूबाला म्हणाले होते, "तू बरा झालास. घरचं माणूस येऊन सही करू दे आणि जा." नियमच तसा होता. आत येताना दुसऱ्याची सही लागायची, बाहेर पडतानाही दुसऱ्याचीच. माणसाच्या स्वतःच्या सहीला तिथे किंमत नव्हती, आणि कडूबाला तर सहीही येत नव्हती.

म्हणून अनंताने त्याच्या वतीने घरी कार्डं लिहिली. एक नाही, चार. 'मी बरा आहे. कारभारीने येऊन सही करावी. मायला म्हणावं रडू नको. गीताला शाळेत घाला.' कारभारी त्याचा धाकटा भाऊ, गीता त्याची लेक. चार कार्डं गेली, चार महिने गेले, उत्तर नाही. दर रविवारी भेटीच्या वेळी कडूबा धुतलेला सदरा घालून फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसायचा आणि घंटा झाली की उठून वांग्यांना पाणी द्यायला जायचा.

"कार्डं पोचत नसतील," अनंत म्हणाला.

"पोचतीन ना. पन आमच्या घरी कोनाले वाचता येत नाही, मास्तर. माय आढ्याले खोवून ठेवत असन."

"मग गावातल्या कुणाकडून वाचून घेतील की."

"कसे घेतीन? वाचनाऱ्यानं वाचलं का साऱ्या गावाले समजन, मी कुठी हाओ ते. गावात सांगेल हाय, कडूबा नागपूरच्या मिलीत लागला म्हून."

अनंताला हे घरचंच वाटलं. आपल्या घरच्यांचं पोट होतं, याच्या घरच्यांची मिल होती. पण तो पडला मास्तर, हुशार माणूस, आणि हुशार माणसाला अडचण दिसली की युक्ती सुचल्याशिवाय राहत नाही. त्याला सुचली. ती सुचली नसती तर बरं झालं असतं.

आपल्याकडे मौतीची खबर असली की कार्डाचा एक कोपरा फाडतात. असं कार्ड कुणी आढ्याला खोवत नाही. ते हातात पडलं की माणूस असेल तिथून उठतो, वाचणारा शोधतो, लाज-शरम बाजूला ठेवतो. अनंताने विचार केला, चार साधी कार्डं वाया गेली; पाचव्याचा कोपरा फाडला तर त्याच दिवशी वाचलं जाईल. वाचलं की त्यांना कळेलच की कुणी मेलेलं नाही. घटकाभर घाबरतील, मग हसतील आणि पहिल्या गाडीने येतील. त्याने पाचवं कार्ड लिहिलं, कडूबाला वाचून दाखवलं, आणि पेटीत टाकायला जाताना व्हरांड्यात कुणी बघत नाही असं पाहून उजवा कोपरा टरकावला. त्या दिवशी तो स्वतःवर इतका खूश होता, की संध्याकाळी कडूबाच्या ताटातली भाकरी त्याने चेष्टेने पळवली. कोपऱ्याबद्दल मात्र त्याला काही बोलला नाही. उगाच अपशकुन म्हणेल, आले की सांगू.

दहा दिवसांनी चिंतामणराव आले आणि सही करून अनंताला घेऊन गेले. कडूबाने वाडीतली चार वांगी फडक्यात बांधून दिली.

"मास्तर, तुमी नांदुऱ्याले उतरसान. पहिले माह्या घरी जा, मंग तुमच्या."

"ते येतीलच रे आठ दिवसांत. नाही आले तर मी स्वतः जातो वरवटला. शब्द देतो."

गाडीत चिंतामणरावांनी ती वांगी पाहिली आणि बडनेऱ्याला खिडकीतून टाकून दिली. इस्पितळातलं काही घरात नको म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "अनंता, सुलभाचं जमेपर्यंत तोंडाला कुलूप. तू पोटाने आजारी होतास. एवढं माझ्यासाठी कर." ज्या भावाने चौदा महिने दर महिन्याला रजा काढून नागपूरच्या खेपा घातल्या, त्याला नाही कसं म्हणायचं? अनंताने मान हलवली.

नांदुऱ्याहून वरवट बकाल लांब नाही. गाडी बदलून, पूर्णा ओलांडून, सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो. पण तिथे जाऊन सांगायचं काय? कडूबाला कुठे भेटलात, हा पहिला प्रश्न. बाजाराच्या दिवशी तिकडची निम्मी माणसं नांदुऱ्यात असतात. गोष्ट आठ दिवसांत मालधक्क्यावर पोचली असती. अनंताने आठ दिवस थांबायचं ठरवलं. मग अक्षय्यतृतीयेपर्यंत. मग त्याने मनाची समजूत घातली, की पाचवं कार्ड मिळालंच असणार, कडूबा कधीच घरी गेला असणार, वांगी लावत असणार. इस्पितळाला पत्र टाकून विचारता आलं असतं, पण उत्तराच्या पाकिटावर इस्पितळाचा शिक्का असता. सुलभाचं लग्न जमायला तीन वर्षं लागली. लग्नानंतरही दीड वर्ष अनंत गेला नाही. आता भावाला दिलेला शब्द आड येत नव्हता, नुसती सवय झाली होती. या दीड वर्षाचा हिशेब त्याला पुढे कधीच देता आला नाही.

दरम्यान त्याला वाचनालयात काम मिळालं. खामगावहून एक साप्ताहिक यायचं. त्यात एकदा बसस्टँडवरच्या एका वेड्या माणसाची बातमी आली, सगळी टिंगलीच्या सुरात. त्याने कपडे कसे फाडले, पोरांनी त्याला कसं पळवलं, लोकांची कशी करमणूक झाली. अनंताच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने त्याच टेबलावर बसून संपादकांना लिहिलं, 'त्या माणसाला नाव असेल, आणि कुठेतरी त्याच्या ताटाची जागा रिकामी असेल. मी हे लिहितो, कारण मीही एकदा तसाच होतो आणि परत आलो.' खाली सही केली, 'एक परतलेला'. संपादक समंजस निघाले. त्यांनी पत्र छापलं आणि आणखी लिहा म्हणून कळवलं.

अनंत लिहू लागला. इस्पितळात भूक कशी लागते, झटक्यानंतर स्वतःचं नाव आठवायला किती वेळ लागतो, बऱ्या झालेल्या माणसाशी लोक बहिऱ्याशी बोलल्यासारखं मोठ्याने का बोलतात, असलं सगळं. बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर न वाचता येणारी मंडळी जमायची आणि अनंत त्यांना पेपर वाचून दाखवायचा. ती 'परतलेल्या'चा लेख आधी वाचा म्हणून हट्ट धरू लागली. म्हणजे आपलंच लिहिलेलं, दुसऱ्याचं म्हणून, आपल्याच तोंडाने वाचायचं. हा लिहिणारा कोण असावा यावर पैजा लागायच्या. एकाने तर त्याच्यासमोर शपथेवर सांगितलं, की तो मेहकरचा एक वकील आहे आणि आपण त्याला ओळखतो.

त्या लेखांत एक लेख कडूबाचा होता. नाव गाळून त्याने सगळं लिहिलं होतं. धुतलेला सदरा, कडुनिंब, रविवारची घंटा. ओट्यावरची माणसं हळहळली, असे कसे नातेवाईक म्हणून त्यांनी शिव्या घातल्या. धामणगाव बढ्याचे निवृत्ती नावाचे एक म्हातारे शेतकरी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. सगळे पांगल्यावर काठी टेकत ते अनंताजवळ आले.

"काहो मास्तर, हे लिवनाऱ्याले त्या मानसाचं गाव ठाऊक असन ना?"

"असेल."

"मंग पेपरात लिवन्यापरीस गावाले जाऊन सांगत काऊन नाही तो?"

अनंताने पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी वाचनालय बंद ठेवून त्याने वरवटची गाडी धरली. कार्ड टाकून तेव्हा साडेचार वर्षं झाली होती.

घर सापडलं. अंगणात एक बाई तूर पाखडत होती. कपाळ उघडं, हात उघडे. अनंताने कडूबाचं घर हेच ना, असं विचारलं.

"हेच. मी रुखमाबाई, त्याइची घरवाली. पन ते तं गेले, बापा. पाच वर्सं होत आली."

अनंताला वाटलं, इस्पितळात काही झालं. "कधी? कशाने?"

"नागपूरले. कार्ड आलं ना. डाकवाल्यानं आंगनाबाहेरूनच आरोळी देल्ली अन् भुईवर टाकून गेला. कोपरा फाटेल होता. सासूबाईनं पाह्यलं अन् तिथंच बसल्या."

"वाचलं कोणी? कोणीतरी वाचलं असेल ना?"

"त्यात काय वाचाचं असते? कोपरा सांगते ना सारं. भाऊजीनं तिथंच काडी लावली, आमी आंगावर पानी घेतलं. मांगून एक सरकारी पाकीट आलं, तेबी मेल्याचाच कागद म्हून ठेवून देल्ला. सासूबाई चार महिने जगल्या त्याच्यानंतर. ताटावर बसत अन् म्हनत, कडू नाव ठेवलं तरी नेलं."

अनंत ओसरीच्या पायरीवर बसला. त्याने हिशेब केला होता, की घाबरतील आणि वाचतील. घाबरले की वाचणारच नाहीत, हे मास्तराच्या डोक्यात आलं नव्हतं. तो स्वतः आयुष्यभर वाचत आला होता. न वाचता कळणारं कार्ड असतं, हे त्याने धरलंच नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "कडूबा जिवंत आहे."

रुखमाबाईचं सूप थांबलं. "असं बोलू नका," ती रागाने म्हणाली. "कोन हा तुमी?"

"मी त्याच्यासोबत होतो. त्याच वॉर्डात, शेजारच्या खाटेवर. मलाही वेड लागलं होतं."

हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदा कुणापुढे उच्चारत होता. रुखमाबाईने सूप खाली ठेवलं. मग आत गेली, पाटावर चढली आणि आढ्यातून धुराने पिवळी पडलेली चार कार्डं घेऊन आली. अक्षर अनंताचंच होतं. त्याने एकेक कार्ड वाचून दाखवलं. 'मायला म्हणावं रडू नको' इथे तिने मान फिरवली. 'गीताला शाळेत घाला' इथे तिने पदर तोंडात कोंबला आणि ती हुंदके देऊन रडली. तोवर शेतातून कारभारी आला होता. तो दाराला टेकून ऐकत उभा राहिला.

डोळे पुसून रुखमाबाईने विचारलं, "मंग त्या पाचव्या कार्डाचा कोपरा कोनं फाडला?"

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलं होतंच, वेडाचंही सांगून झालं होतं. अनंत म्हणाला, "टपालात कुठे अडकून फाटला असेल."

खोटं इतक्या सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कारभारी म्हणाला, "असन. त्या थैल्या कशाबी फेकतात." आणि विषय तिथेच संपला.

तिसऱ्या दिवशी तिघं नागपूरला पोचली. कडूबा वाडीत होता. केस पांढरे झाले होते. त्याने आधी अनंताला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. मग मागे उभ्या असलेल्या बायकोचं कपाळ पाहिलं.

"कोन गेलं?"

कारभारी खाली मान घालून म्हणाला, "दादा, तूच."

कडूबाला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो हसला; अनंताला ते हसणं सहन झालं नाही. मग कडूबाने विचारलं, "माय कशी हाय?" रुखमाबाईने पदर डोळ्यांना लावला. कडूबाने हातातली खुरपी जमिनीत रोवली आणि तिथेच, वांग्यांच्या सरीत, उकिडवा बसून राहिला. कारभारीने सही म्हणून अंगठा उठवला. स्टेशनबाहेर त्याने वहिनीसाठी हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची पुडी घेतली. कडूबाने फलाटावर चार लोकांदेखत तिच्या कपाळाला कुंकू लावलं. ते जरा तिरकं लागलं.

ज्याचं दहावं-तेरावं झालं त्याला घरात घ्यायचा कसा, याचा गावात दोन दिवस खल झाला. भटजींनी उपाय काढला, की पुन्हा बारसं करावं, नवं नाव ठेवावं. कडूबा म्हणाला, "कडूबाच ठेवा. मायनं ठेवलं होतं."

नांदुऱ्याला आल्यावर अनंताने लेख लिहिला. कार्डाचा, कोपऱ्याचा, टपालावर ढकललेल्या खोट्याचा, साडेचार वर्षांचा. झुंबरबाईचाही, म्हणजे कडूबाच्या आईचा. काही लपवलं नाही. आणि खाली पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव घातलं. ते छापून आलं आणि घरात वीज पडली. चिंतामणराव दीड वर्ष त्याच्याशी बोलले नाहीत. सुलभाच्या सासरहून निरोप आला, की दिवाळीला माहेरी पाठवणार नाही. वाचनालयाच्या समितीत एका सभासदाने विचारलं, असल्या माणसाच्या हाती किल्ल्या ठेवायच्या का? दुसरा म्हणाला, पुस्तकं वाचायला मिळतात तोवर ठेवा. त्यावर अनंताची नोकरी टिकली.

पण पत्रं आली. अकोल्याहून, वाशीमहून, कुठल्याकुठल्या खेड्यांतून. माझी बहीण आत आहे, माझा नवरा आत आहे, आम्ही लाजेने गेलो नाही, आता कसं करावं. अनंताने एकेकाला उत्तर लिहिलं. जिथे लोक एकटे जायला घाबरले तिथे तो सोबत गेला. बऱ्या झालेल्या माणसाला स्वतःच्या सहीने बाहेर पडता यावं म्हणून त्याने सरकारला दरवर्षी एक अर्ज केला. दरवर्षी उत्तर यायचं, की आपला अर्ज मिळाला, तो पुढे पाठवला आहे. तो किती पुढे गेला हे कळलं नाही. माणसं मात्र एकेक करून घरी गेली. लिहिण्यात त्याच्याइतका धीट माणूस त्या भागात दुसरा नव्हता, हे कबूल करायला हवं.

लिहिण्यात. कारण तो लेख घेऊन अनंत वरवटला गेला होता तो कडूबाला वाचून दाखवायलाच. कडूबाने कांदा-भाकरी वाढली, विहिरीवरचा नवा मोट-नाडा दाखवला, दहा वर्षांच्या गीताला शाळेत घातल्याचं सांगितलं. लेख पिशवीत तसाच राहिला. निघताना अनंताने तो ओसरीवर काढून ठेवला, आणि घरात कुणाला वाचता येत नाही याचा त्याला सुटल्यासारखा आधार वाटला. "हा काय कागद?" कडूबाने विचारलं. "असाच. पेपर आहे," अनंत म्हणाला. कडूबाने तो आढ्याला खोवून ठेवला.

पुढे दरवर्षी तुरीला शेंगा आल्या की कडूबाचं बोलावणं यायचं. अनंत जायचा, दोघं विहिरीवर बसायचे, वॉर्डातल्या माणसांची आठवण काढायचे. संध्याकाळी कडूबा त्याला मोटारीवर पोचवायला यायचा, वांग्यांची पिशवी हातात द्यायचा आणि गाडी सुटायच्या आधी न चुकता विचारायचा, "बाकी काही, मास्तर?"

"बाकी काही नाही," अनंत म्हणायचा.

अशी दहा वर्षं गेली. सत्त्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतर एका सकाळी डाकवाल्याने वाचनालयाच्या टेबलावर कार्ड ठेवलं. चारही कोपरे साबूत. शेंगांचं बोलावणं असेल म्हणून अनंताने आधी पेपर लावले, चहा घेतला आणि मग ते हातात धरलं. गीताचं गोल, शाळकरी अक्षर होतं.

'मास्तरकाकांना साष्टांग नमस्कार. आमचे बाबा गेल्या गुरुवारी दुपारी विहिरीवर वारले. त्रास झाला नाही. आई म्हणते, मास्तरांच्या कार्डाचा कोपरा फाडू नको, त्यांना लागेल.'

अनंताने शेवटची ओळ पुन्हा वाचली, आणि मग त्याला कळलं, की रुखमाबाईला कोपऱ्याचं ठाऊक आहे.

वरवटला तो पोचला तेव्हा ओसरीवर बाया बसल्या होत्या. त्या उठून गेल्या. रुखमाबाईचं कपाळ दुसऱ्यांदा उघडं झालेलं होतं. अनंताने तिच्यासमोर हात जोडले. "वहिनी, तो कोपरा मी फाडला होता. टपालात नाही फाटला. मी फाडला."

"मले काऊन सांगता, मास्तर?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मले ठाऊक हाय. गीताले वाचता येऊ लागलं तवा तिनं आढ्यातला तुमचा पेपर काढून आमाले वाचून दाखोला. आठ वर्सं झाली त्याले."

"कडूबालाही?"

"त्याइलेबी. मायचं आलं तवा उठून वावरात गेले. दोन दिवस बोलले नाही. मंग म्हनत, मास्तर आपल्या तोंडानं सांगतीन, तू मंधात बोलू नको. दर साली तुमाले मोटारीवर पोचवून आले का मी इचारत जाओ, सांगलं काय? ते म्हनत, यंदा नाही. पुढच्या साली सांगतीन."

गीताने पाणी आणून दिलं, ते तो प्यायला. मग उठून तो मोटारीच्या थांब्यावर गेला. गाडी अर्धा तास उशिरा आली. तोवर तो निंबाखाली एकटाच उभा होता, आणि त्याला 'बाकी काही?' म्हणून विचारायला कोणी आलं नाही.